सोनेरी अस्तराचा डबा

ती घटना आजही आठवते, आणि आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. माझ्या घरात माळ्याखालच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. बाहेरून साधा, आतून सोनेरी. त्यात मी खिळे, स्क्रू आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या ठेवतो. आमच्या सौभाग्यवतीने लाडू ठेवायला म्हणून तो कितीदा मागितला. दर वेळी मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. पोलिसाशी संसार केलेल्या बाईला काही कारणं विचारायची नसतात हे लवकर कळतं. आता ती नाही. घरात मी एकटा, आणि फळीवर तो डबा.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रमार्गे येणारा चोरटा मालही पकडला. लोक भेटले की त्याच गोष्टी विचारतात. या प्रकरणाचं कुणी विचारत नाही, कारण त्यात शिक्षा कुणाला झाली नाही, मला शाबासकी मिळाली नाही आणि वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. नाव मी कुणाचंच देणार नाही. त्याचं कारण शेवटी कळेल.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार ठाणे जिल्ह्यातून चाले. मी फौजदार होऊन वसई तालुक्यात नवाच आलो होतो. पोलीस ठाणं म्हणजे एक कौलारू इमारत, पुढे ओटा, ओट्यावर आल्यागेल्यासाठी एक बाक आणि समोर चिंचेचं झाड. मला मिळालेलं क्वार्टर गळकं होतं, म्हणून बायको आणि तान्हा मुलगा साताऱ्याकडे गावीच राहिले होते. मुलाला मी बारशाला पाहिलं तेवढंच. खानावळीचा डबा यायचा, तो मी ओट्यावर बसून खायचो, कारण खोलीत एकट्याने जेवलं की घास फिरतो.

त्या भागात नवख्या माणसाला पहिली ओळख होते ती गंजाची. हवेतच मीठ. बेल्टचं बकल, सायकलची चेन, कोठडीचे गज, सगळ्यावर तांबूस थर चढायचा. इतर ठाण्यांत महिन्यातून एकदा रायफलींना तेल लावतात, आमच्याकडे दर आठवड्याला ती कवायत असे. आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, इथं माणूससुद्धा फार वेळ एका जागी उभा राहिला तर गंजतो." हवालदार वयाने मोठे, नोकरीत मुरलेले आणि कुणावरही विश्वास न ठेवणारे. पहिल्या वर्षी मला त्यांचा फार आधार होता, हे मान्य केलं पाहिजे.

खबर मला पानाच्या ठेल्यावर मिळाली. माझा अनुभव असा, की मुद्दाम आणलेल्या खबरीला आणणाऱ्याचा वास लागलेला असतो, पण पान लावता लावता दिलेली खबर बहुतेक खरी निघते. पानवाला चुना लावत म्हणाला, की अर्नाळ्याला एका कोळ्याच्या घरी तान्ह्या पोरीला आकड्या येतायत. घरचे डॉक्टरकडे न नेता भगताकडे नेतायत, आणि गावात कुजबुज आहे की पोरीच्या आत्यानेच तिला काहीतरी चारलं.

मी आणि हवालदार जीप घेऊन निघालो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातले होते आणि पलीकडे पाण्यात किल्ला दिसत होता. घर शोधावं लागलं नाही, दारापुढे गर्दीच होती. आत भगताने धूप घातला होता. त्या धुरात पोरीची आत्या, एक तिशीची बाई, मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोर आठ-नऊ महिन्यांची असेल, चेहरा मेणासारखा पांढरा, मान टाकलेली. मी भगताला बाहेर काढलं आणि पोर मागितली. बाईने ती हातातून सोडली नाही. शेवटी दोघींनाच जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

दवाखान्याचे डॉक्टर वटारचे, तिथल्या ख्रिस्ती बागायतदाराच्या घरातले. बोलायला कमी, कामाला चोख. त्यांनी पोरीला तपासलं, आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे साधं दुखणं वाटत नाही, पोटात काहीतरी विषारी जातंय आणि ते एकदाच गेलेलं नाही. काय ते त्यांना सांगता येईना. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्यायला हवं होतं. नेलंही. पण कुठलं विष हे कळल्याखेरीज तिथले डॉक्टर तरी उतारा कशावर देणार? पोटातलं पाणी तपासायला प्रयोगशाळेत गेलं. तिथला अहवाल कधी येतो हे जुन्या पोलिसांना सांगायला नको. तोवर पोर टिकेल अशी खात्री कुणी देत नव्हतं.

पोरीचा बाप मासेमारीच्या बोटीवर होता, तो बंदराला लागताच धावत आला आणि त्याने सख्ख्या बहिणीवर फिर्याद दिली. विष देऊन जीव घेण्याचा प्रयत्न.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पोरीची आई बाळंतपणात गेली. बहिणीला मूलबाळ नाही म्हणून नवऱ्याने टाकलेली, ती माहेरी बापाकडे राहत होती. पोर तिच्या ओटीत घातली गेली. आता भावाचं दुसरं लग्न ठरलं होतं, नवी बायको आली की पोर तिच्याकडे जाणार होती. ठरल्यापासून बहीण कुणाशी बोलेनाशी झाली आणि त्याच सुमाराला पोर खंगायला लागली. हातातून जाणारी पोर दुसरीला मिळू नये म्हणून तिने हे केलं, असं भाऊ म्हणाला. गावही तेच म्हणत होतं. वांझ बाईबद्दल असं म्हणायला गावाला फार पुरावा लागत नाही.

मी घरझडती घेतली. भांडी, तांदूळ, नाचणीचं पीठ, उंदराच्या औषधाची संशयास्पद पुडी (ती पुढे सोड्याची निघाली), सुई-दोरा ठेवायचा एक गंजका डबा, जे सापडलं ते पंचांसमोर सील केलं. अहवाल येईपर्यंत अटक करायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि कायद्याप्रमाणे बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची. पण दुसऱ्याच दिवशी तिच्या घराच्या कौलांवर दगड पडले. तेव्हा तिच्या म्हाताऱ्या बापाने माझ्यापुढे हात जोडले, की दिवसभर तिला ठाण्यात बसू द्या, तिथं तरी कुणी मारणार नाही. म्हणून ती रोज सकाळी बापाबरोबर यायची, ओट्यावरच्या बाकावर बसायची आणि दिवेलागणीआधी हवालदार तिला जीपने घरी सोडायचे. आमच्याकडे महिला पोलीस नव्हती, हवालदारांच्या पत्नी तिच्याजवळ निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या.

मी रोज तेच प्रश्न विचारत होतो. पोरीला कोण भरवतं? मीच. दुसरं कोणी? कोणी नाही. शेजारपाजारचं कोणी काही देतं? नाही. घरात कोणी नसताना पोर कुणाकडे असते? माझ्याकडेच. प्रत्येक उत्तराने ती स्वतःलाच अडकवत होती आणि तिला त्याची पर्वा दिसत नव्हती. एकदा मी वैतागून म्हटलं, की बाई, नीट आठव, एखाद्या वेळी तरी दुसऱ्या कुणी भरवलं असेल.

ती म्हणाली, "दुसऱ्या कोनाच्या हातचं ती खातच नाय, सायेब."

हे तिने अभिमानाने सांगितलं. मला ते खटकलं. गुन्हा केलेला माणूस उत्तरात गर्दी करतो, असं मी पुढे आयुष्यभर पाहिलं. शेजारीण येऊन गेली होती, मांजर शिरलं होतं, दार उघडं राहिलं होतं. चार जण उभे करून तो त्यांच्यामागे लपतो. ही बाई आपल्या उत्तरांत एकटीच उभी होती. मी हवालदारांना तसं म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, साहेब, काही चोर असेही असतात, ते लपतच नाहीत.

पोरीला ती बाय म्हणायची, आणि तिचा स्वतःचा प्रश्न रोज एकच. बाय काय खाते? तिकडे तिला कोण भरवतं? मुंबईला फोन लागणं म्हणजे दिव्य असे, ट्रंक कॉल लावून बसायचं. लागला तर मी तिला सांगायचो की नळीने दूध देतात. ती मान हलवायची आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायची. जेवणाच्या वेळी ओट्याच्या एका टोकाला मी माझा डबा उघडायचो आणि दुसऱ्या टोकाला ती तिचा. दोघांनाही शेजारी बसून वाढणारं कुणी नव्हतं. आरोपीबद्दल फौजदाराला असं वाटू नये हे मला कळत होतं, तरी वाटत होतं.

तिचा डबा रोज दुपारी बाप आणायचा. सकाळी तिला सोडून घरी जायचा, पुन्हा अर्नाळ्याहून एस.टी.ने यायचा आणि चिंचेखाली बसून ती खाईपर्यंत थांबायचा. वय सत्तरीकडे झुकलेलं, हाडं मोठी. सगळं गाव एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे. मुलाने बोलणं टाकलं, शेजाऱ्यांनी विस्तव देणं टाकलं, पण म्हातारा म्हणायचा की माझ्या पोरीने मुंगी मारली नाही. तिला या जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

मग तिच्या पोटात कळा यायला लागल्या. बाकावर बसल्या बसल्या ती दुमडायची, ओठ दाबायची, घाम फुटायचा. पण आवाज नाही. हवालदारांनी मला खुणेने बोलावलं आणि म्हणाले की नाटकं सुरू झाली. हवालदारांच्या पत्नी मात्र निवडायचं सूप बाजूला ठेवून फणकारल्या, की नाटक करणारी बाई आधी ओरडते, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो ते मला त्या दिवशी समजलं. मी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि मग तिचा खालचा ओठ अंगठ्याने दुमडून उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत राहिले. मला बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी, हिरडीवर एक निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. म्हणाले, शिकत असताना छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या हिरड्यांवर अशी रेघ पाहिली होती. ही शिशाची. हिच्या पोटात शिसं जातंय, आणि पोरीच्याही पोटात तेच गेलं असणार. पोरीला दात आलेले नाहीत, म्हणून तिच्या हिरडीवर ते दिसलं नाही.

त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली आणि आमचा शिपाई ती घेऊन पुढच्या गाडीने मुंबईला गेला. पोरीच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढा, हाडांच्या टोकांना पांढरे पट्टे दिसतील, असं त्यात होतं. ते दिसले. त्याच दिवशी शिशावरचं इंजेक्शन सुरू झालं.

माझ्यापुढे प्रश्न उरला तो पोलिसाचा. शिसं आलं कुठून? विष घालणारी बाई स्वतः तेच विष खाईल का? मी तिला विचारलं की पोरीसाठी केलेलं तू खातेस का. ती म्हणाली, आधी चाखून बघते, आणि राहिलेलं मीच खाते, नाचणी काय फुकट येते? पोरीला ती नाचणीची आंबील द्यायची, ताक घालून आंबट केलेली. बोंबील वाळवायला जाताना पोर बरोबर, आणि माशा-वाळूपासून जपायला आंबील झाकणाच्या डब्यात. सकाळची दुपारपर्यंत त्यातच.

"कुठल्या डब्यात?" मी विचारलं.

तिने बाकावरच्या डब्याकडे मान वळवली. बाप रोज तिला जेवण आणायचा तोच. पोर रुग्णालयात गेल्यावर रिकामा पडला होता, म्हणून म्हातारा त्यातून लेकीला आंबील आणत होता. घरझडतीच्या वेळीही तो त्याच्याच हातात होता, जेवणाचा म्हणून मी तो न उघडताच सोडून दिल्याचं मला आठवलं.

मी झाकण काढलं. डबा आतून सोनेरी होता, वरचा भाग आरशासारखा चकाकत होता. पण आंबील जिथपर्यंत भरली जाई तिथे एक रेघ होती. त्या रेघेखाली सोनेरी थर मरून गेला होता, ठिकठिकाणी पापुद्रे सुटले होते आणि खालून शेंदरी रंग दिसत होता.

मी डबा घेऊन चिंचेखाली गेलो आणि म्हाताऱ्याला म्हटलं, की बाबा, डबा झकास आहे, कुठून आणला? त्याचा चेहरा खुलला. त्या सगळ्या दिवसांत त्याला कुणी चांगला शब्द बोललं नसावं. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाजाच्या भटारखान्यात फळांचे परदेशी डबे यायचे, ते आतून सोनेरी असायचे. तिथल्या आचाऱ्याने त्याला सांगितलं होतं, की हा थर असला की खाणं पत्र्याला लागत नाही, डबा गंजत नाही. आमच्या हवेत दुधाचे रिकामे डबे पंधरवड्यात गंजतात. नात झाली तेव्हा त्याने ठरवलं की तिच्या तोंडी गंज जाऊ द्यायचा नाही. होडीच्या लोखंडाला लावायचा शेंदरी रंग त्याच्याकडे होता, समुद्राचं पाणीसुद्धा त्याला खात नाही. डब्याला आतून त्या रंगाचे दोन हात, वर सोनेरी व्हार्निश, आठ दिवस उन्हात.

"कंपनीचा डबा पन असा नाय निघनार, सायेब," तो म्हणाला. "वास घेऊन बघा. काय येतो?"

मी वास घेतला. काही येत नव्हता. होडीच्या त्या रंगात शिसं असतं हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण उत्तर माझ्या हातात होतं हे मला तिथेच कळलं. समुद्राच्या पाण्याला दाद न देणारा रंग ताकाच्या आंबटाला शरण गेला होता. व्हार्निश आधी गेलं, मग खालचं शिसं थोडं थोडं आंबिलीत उतरत राहिलं, रोज, नातीच्या तोंडात. आणि तिच्यानंतर लेकीच्या.

मी म्हाताऱ्याला काही बोललो नाही. डबा तपासायला ठेवून घेतो एवढंच म्हटलं. बाईला आत बोलावलं, हवालदारांच्या पत्नींना सोबत बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. तुझ्यावर आता गुन्हा राहत नाही, पोरीला योग्य औषध सुरू झालंय, ती वाचेल असं डॉक्टर म्हणतात. हे ऐकून ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उठून दाराशी गेली, चिंचेखाली बसलेल्या बापाकडे बघून आली.

"बाबांना बोललात?"

नाही, असं मी म्हटलं.

"नका बोलू. मरंल तो."

मी तिला समजावलं. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, बापाला शिक्षा वगैरे काही होणार नाही. पण भावाला, गावाला काहीतरी कारण सांगावं लागेल, शिसं कुठून आलं हे ते विचारतीलच. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर कोपऱ्यातल्या मुद्देमालावर होती. तिथे घरझडतीत आणलेला तो सुई-दोऱ्याचा गंजका डबा होता. तिने तो बोटाने दाखवला.

"पोरीची आंबील मी त्याच्यात ठेवायची. भंगारवाल्याकडून आनलेला. बाबांच्या डब्यात नाय, तो मी नुसता जपून ठेवलेला."

मी म्हटलं, बाई, असं सांगितलंस तर पोर तुझ्याकडे परत येणार नाही. भंगारातल्या डब्यातून लेकराला भरवणारी म्हणून भाऊ तुला दारात उभं करणार नाही. ती म्हणाली की पोर तशीही जाणारच होती. मग पदराने तोंड पुसून तिने मला विचारलं, ते कायद्यात बसतं का. मी म्हटलं, कागदावर खरं तेच जाईल, डबा, रंग, शिसं सगळं. पण तो कागद कोर्टात जाईल, अर्नाळ्यात कुणी तो वाचायला येणार नाही. तुझ्या तोंडाला मी कुलूप लावू शकत नाही.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून पुढे मी 'सी' समरी पाठवली आणि ती मंजूर झाली. पण त्याआधी भाऊ, गावचे दोन जाणते आणि म्हातारा यांना ठाण्यात बोलावलं. डॉक्टरांनी शिशाचं समजावलं. भावाने विचारलं की हे शिसं आलं कुठून, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने गंजक्या डब्याचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या फाइलकडे पाहिलं.

भाऊ शिव्या देईल याची माझी तयारी होती. तो नुसताच उठून बाहेर गेला. बोलला तो म्हातारा. इतके दिवस जगाशी भांडून लेकीच्या पाठीशी उभा राहिलेला तो माणूस उठून उभा राहिला.

"मी एवढा डबा करून दिला होता," तो तिला म्हणाला. "माझ्या हातचा. तो सोडून तू बायला भंगारातून खायला घातलंस?"

ती खाली मान घालून उभी राहिली. त्या दिवशी म्हातारा एकटाच एस.टी.ने गेला आणि तिला हवालदारांनी जीपने सोडलं. परत आल्यावर हवालदार ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना खरं काय ते पत्नीने सांगितलं असणार. मला एवढंच म्हणाले, "साहेब, माझी चूक झाली. ही चोरांतली नव्हतीच."

पोर बरी झाली आणि रुग्णालयातून थेट नव्या आईकडे गेली. भावाने खाडीच्या पलीकडे वेगळं बिऱ्हाड केलं. आत्या बापाकडेच राहिली. बाप तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं, असं पानवाल्याकडून कळायचं.

माझी बदली झाली तेव्हा म्हातारा निरोप घ्यायला आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याला कुठूनतरी कळलं होतं की मला लहान मुलगा आहे. कागद काढला तर आतून सोनेरी, झगझगीत, नवा डबा. आधीच्यापेक्षा सुबक.

"तुमच्या बाबूला," तो म्हणाला. "माझा डबा तुम्ही तपासला ना? पास झाला ना?"

पास झाला, असं मी सांगितलं. मग विचारलं की आणखी कुणाला करून दिलेत का. नाही, रंग संपला, हा शेवटचा. मी अगदी सरकारी आवाजात म्हटलं की बाबा, यापुढे असे डबे करायचे नाहीत, मनाई आहे. त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "कंपनीवाल्यांना चालत नसंल." डबा मी दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीच्या आसपास, एका लग्नासाठी विरारला गेलो असताना वाट वाकडी करून अर्नाळ्याला गेलो. म्हातारा जाऊन काळ लोटला होता. ती वलांडीपाशी एकटीच बोंबील उलटत होती, केस पांढरे झालेले. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. घरी नेऊन चहा दिला. भिंतीवर बापाचा फोटो होता. मी विचारलं, पोर येते का? येते म्हणाली, सणासुदीला. चांगली शिकलीय. आजोबांच्या फोटोला हार आणते, आजोबांचा तिला फार लळा होता.

"पन घरात पानी पीत नाय," ती म्हणाली. "तिला लहानपनापासून शिकवलंय तसं."

मी म्हटलं, बाबा आता नाहीत, आता तरी तिला सांगू का? तिने कप उचलले, विसळून पालथे घातले आणि म्हणाली की राहू द्या. आजोबा तरी तिचा चांगला राहू दे.

पोलिसाला पहिल्यापासून शिकवतात, की गुन्ह्याने फायदा कुणाचा होतो ते बघ आणि खोटं बोलणारा स्वतःला वाचवण्यासाठी बोलतो हे धरून चाल. नोकरीभर मला त्याचा उपयोग झाला. पण या एका बाईने मला दाखवलं की माणूस आपल्याच तोट्यासाठीही खोटं बोलतो आणि ते खोटं जन्मभर एकट्याने निभावतो. त्यानंतर कुणाचाही कबुलीजबाब मी पहिल्या वाचनात खरा मानला नाही. एकट्याने जेवायला बसलो की पोलीस ठाण्याचा तो ओटा मला आठवतो, आणि हल्ली मी रोजच एकटा जेवतो.

तिने मला बापाला सांगू नका म्हटलं होतं. तो शब्द मी पाळला. नातीबद्दल ती राहू द्या म्हणाली, आणि मी हो म्हणालो नव्हतो. नावं दिली नाहीत ती एवढ्यासाठी, की ज्या एका वाचकासाठी हे लिहिलं तिला नावांची गरज पडणार नाही. मुली, तू आता संसारात मुरली असशील. आजोबांवर राग धरू नकोस, त्यांनी जे केलं ते तुझ्या तोंडी गंज जाऊ नये म्हणून केलं. फक्त एकदा अर्नाळ्याला जा, आत्याच्या घरात बस आणि तिच्याकडे प्यायला पाणी माग.